घर हीसुद्धा कामाची जागा आहे



एक साधा प्रश्न विचारते. "तुमचं कामाचं ठिकाण कुठं?" असं कोणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? शेतावर जाणारी ताई शेत सांगेल, अंगणवाडी सेविका अंगणवाडी सांगेल. पण माजघरात मशीनवर पिशव्या शिवणारी, ओट्यावर पापड लाटणारी, पडवीत मिरची कांडपाचं यंत्र चालवणारी ताई बहुतेक वेळा म्हणते, "मी काही कामाला जात नाही, घरीच असते." हे उत्तर बदलायला हवं, आणि का बदलायला हवं तेच या लेखात मांडते आहे.

कोरोनाच्या काळात शहरात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी आला, "वर्क फ्रॉम होम". मुंबई-पुण्याहून गावी आलेली पोरं लॅपटॉप घेऊन पडवीत बसली. त्यांच्यासाठी घरात शांतता ठेवली गेली, खुर्ची आली, "त्याची मीटिंग चालू आहे, आवाज करू नका" असं सांगितलं गेलं. साथ ओसरल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी विचार केला, की लोकांनी घरून काम करावं, ऑफिसात यावं, की दोन्ही थोडं थोडं करावं. आपण मात्र कित्येक वर्षं घरूनच काम करतो आणि आपल्या कामाच्या जागेचा असा विचार कधी कोणी केला नाही. आपणही केला नाही. तो आता करूया.

कोरोनाने आपल्याकडे काय बदललं?

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. बाजार बंद, एसटी बंद, शाळा बंद. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कितीतरी गटांनी मास्क शिवले. ज्या मशीनवर फक्त घरातले ब्लाऊज शिवले जायचे, त्याच मशीनने घर चालवलं. म्हणून घरचं काम वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्या हाताला घरात काम होतं, त्यांच्या घरी अडचणीच्या दिवसांतही चार पैसे आले.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. गटाच्या बैठका थांबल्या. एका जागी जमायचं नाही, अंतर ठेवायचं, हे तेव्हा गरजेचंच होतं. नंतर बैठका सुरू झाल्या, पण काम मात्र ज्याच्या त्याच्या घरात राहिलं. पूर्वी चार जणी एकत्र बसून शेवया करायच्या, कुरडया घालायच्या, शिवणकाम करायच्या. हात चालायचे आणि तोंडही चालायचं. "तुला काय भाव दिला गं?" हे तिथंच कळायचं. आता ऑर्डर मोबाइलवर येते, माल घरपोच येतो, तयार नग घरूनच उचलले जातात. सोय झाली, हे खरं. पण एकत्र बसणं कमी झालं तसं भावाचं बोलणंही कमी झालं.

त्यामुळे एकाच गावात, एकाच व्यापाऱ्याचं, एकाच मापाचं काम, आणि तीन घरांत तीन दर, अशी स्थिती येऊ शकते. हे टाळायचं असेल तर घरातल्या कामाकडे काम म्हणून बघावं लागेल. म्हणजे चार गोष्टी ठरवाव्या लागतील: दर, जागा, वेळ आणि एकत्र येणं.

पहिली गोष्ट : दर. आपल्या तासाची किंमत काढा

आपण नगावर पैसे घेतो, त्यामुळे तासाला किती पडले ते कधी मोजत नाही. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा कापडी पिशवीला ५ रुपये शिलाई मिळते. एक ताई दिवसात ६० पिशव्या शिवते. हातात आले ३०० रुपये. ऐकायला बरे वाटतात. आता वेळ मोजा. तासाला ८ पिशव्या, म्हणजे शिवायला साडेसात तास. धागे कापणं, पिशव्या उलटवणं, गठ्ठे बांधणं यात एक तास. माल आणायला-द्यायला अर्धा तास. एकूण झाले ९ तास.

आता खर्च बघा. रिळाला ३० रुपये, वीज, तेल आणि सुईला १० रुपये, रिक्षाच्या भाड्याला २० रुपये. झाले ६० रुपये. ३०० मधून ६० गेले, राहिले २४०. त्याला ९ तासांनी भागलं की तासाला साधारण २६ रुपये ६५ पैसे येतात. आठ तासांच्या दिवसाला जेमतेम २१३ रुपये.

महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे या ताईचं कौशल्य, स्वतःची मशीन, घरची जागा, सगळं वापरून तिला मातीकामापेक्षाही कमी पडलं. तेवढीच मजुरी सुटायची असेल तर पिशवीला ६ रुपये ६० पैसे तरी मिळायला हवेत. पाच रुपये आणि सहा रुपये साठ पैसे हा फरक छोटा दिसतो, पण ६० पिशव्यांवर तो दिवसाला ९६ रुपये होतो.

हा हिशोब ज्या ताईच्या वहीत आहे, ती व्यापाऱ्याशी "परवडत नाही हो" एवढंच बोलणार नाही. ती "एवढे तास, एवढा खर्च, म्हणून एवढा दर" असं बोलेल. शिवाय हा हिशोब पापडाला, गोधडीला, मसाल्याला, सगळ्यालाच लागू होतो. फक्त स्वतःचा वेळ त्यात धरायचा विसरू नका. घरचीच मिरची, घरचेच हात, म्हणून फुकट, असं धरलं की धंदा नफ्यात दिसतो आणि बाई तोट्यात जाते.

आणखी एक गोष्ट. माल नापास झाला तर पैसे कोण सोसणार, हे काम घेतानाच विचारा. कापड आधीच डागाळलेलं असेल, माप चुकीचं दिलं असेल, तर तो दोष शिवणारीचा नाही. माल घेताना नग मोजून, बघून, वहीत लिहून घ्या आणि देणाऱ्याची सही घ्या.

दुसरी गोष्ट : जागा. हवा, उजेड आणि पाठ

कोरोनाने सगळ्यांना एक धडा दिला. बंद खोलीत जास्त माणसं जास्त वेळ बसली की आजार पसरतो, हवा खेळती असली की धोका कमी होतो. हा धडा साथीपुरता नाही. ज्या खोलीत चूल पेटते, मुलं अभ्यास करतात आणि मशीनही चालते, तिथं धूर, कापडाची बारीक धूळ आणि उकाडा सगळं एकत्र होतं. काम करणारी बाई दिवसभर तीच हवा घेते.

मोठा खर्च न करता करता येतील अशा काही गोष्टी :

• मशीन खिडकीजवळ किंवा दाराजवळ ठेवा. समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडं असेल तर हवा आरपार जाते.

• उजेड असा हवा की आपल्याच हाताची सावली सुईवर पडणार नाही. एक चांगला एलईडी दिवा डोळ्यांचा त्रास वाचवतो.

• बसायचं स्टूल मशीनच्या उंचीला जुळणारं घ्या. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, खांदे वर चढायला नकोत. खाली बसून लाटायचं असेल तर मांडीखाली पाट घ्या आणि पोळपाट थोडा उंचावर ठेवा, म्हणजे कंबर कमी वाकते.

• तासाभराने उठा. अंगणात चार पावलं चाला, पाणी प्या. शौचाला जावं लागू नये म्हणून पाणी टाळण्याची सवय पुष्कळ जणींना असते. ती मोडा.

• मिरची कांडप, मसाला, पीठ, कापूस, गादीचं काम करताना नाका-तोंडावर मास्क लावा. कोरोनात आपणच शिवला होता तो मास्क इथं उपयोगी आहे. मिरचीला डोळ्यांवर साधा चष्माही लावा.

• एकाच बोर्डावर इस्त्री, मशीन आणि पंखा लावू नका. वायर तुटकी असेल तर चिकटपट्टी लावून दिवस काढू नका, बदलून घ्या. सुया, कात्री, ब्लेड यांचा डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवा.

घर लहान आहे, हे मला माहीत आहे. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथं वेगळी खोली कुठून आणणार? पण चार फूट जागा "ही कामाची" म्हणून ठरवता येते. तिथं दप्तर, अंथरूण, भांडी येणार नाहीत, एवढं घरात सांगता येतं. पोरगा मीटिंगला बसला तेव्हा घराने जागा दिलीच होती ना?

तिसरी गोष्ट : वेळ. कामाला सुरुवात आणि शेवट हवा

कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. भोंगा वाजला की तो घरी जातो. आपला भोंगा कोण वाजवणार? भाकरी, पाणी, जनावरं, मुलं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी यातून जो वेळ उरतो त्यात आपण मशीनवर बसतो. मग रात्री अकरा वाजेपर्यंत मशीन चालतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. म्हणजे जवळपास पाच तास. हेच काम करणाऱ्या पुरुषाची मिनिटं होती ९७. ऑर्डरचं काम या पाच तासांच्या वर येतं. म्हणून "घरात बसून तेवढेच चार पैसे" असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, बसून नाही, झोपेतला वेळ काढून.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही घरापासून सुरू होतात. एक, कामाचे तास ठरवा. समजा सकाळी अकरा ते एक आणि दुपारी दोन ते पाच. या वेळात शेजारच्या बाईने हाक मारली तरी "कामावर आहे" असं सांगायचं. सुरुवातीला हसतील, मग सवय होईल. दोन, घरकामाची वाटणी. पाणी भरणं, मुलांचा डबा, गोठा, यातली एक-दोन कामं तरी घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घ्यावीत. फक्त मुलीवर टाकू नका. तिचा अभ्यास मोडून आपली ऑर्डर पूर्ण झाली तर तो फायदा नव्हे.

मोबाइलचंही तेच. रात्री दहाला मेसेज येतो, "उद्या सकाळी ५० पीस पाहिजेत." प्रत्येकीला वाटतं, नाही म्हटलं तर काम दुसरीकडे जाईल. म्हणून ऑर्डर घेणारी गटातली एकच ताई ठरवा. तिचा फोन सुरू असण्याची वेळ ठरवा आणि तातडीच्या कामाला जास्त दर ठरवा. एकेकटीने नाही म्हणणं अवघड आहे, गटाने म्हणणं सोपं आहे.

चौथी गोष्ट : एकत्र येणं. थोडं केंद्रात, थोडं घरी

काही ताया विचारतील, मग सगळ्यांनी शेडमध्ये जाऊन काम करायचं का? तान्हं मूल असलेल्या ताईला ते जमेल का? सासू अंथरुणावर असेल तर? प्रश्न बरोबर आहे. पण सगळं घरी किंवा सगळं बाहेर, एवढेच दोन रस्ते नाहीत. शहरातल्या कंपन्यांनी कोरोनानंतर "हायब्रीड" म्हणून जी पद्धत धरली, ती महाराष्ट्रातल्या बायकांनी साठ वर्षांपूर्वीच उभी केली होती.

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे संस्था वाढली, पण कामाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पीठ एका ठिकाणी मळलं जातं, म्हणजे चव आणि वजन सारखं राहतं. बायका सकाळी केंद्रावरून पीठ घेतात, घरी लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर जमा करतात. तिथं वजन होतं, तपासणी होते, पैसे ठरलेल्या दराने मिळतात. सगळ्या जणी संस्थेच्या भगिनी, म्हणजे मालकीण. लाटणं घरात, पण दर, माल आणि विक्री एकत्र. त्यामुळे घरात बसूनही बाई एकटी पडत नाही.

दुसरं उदाहरण सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं. त्याही पान-तंबाखू घेऊन घरीच विड्या वळतात. पण १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, त्यात घरी विडी वळणारीलाही कामगार मानलं गेलं. त्यामुळे ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी अशा गोष्टी मागता आल्या. त्या कामाने छातीचे विकार होतात, मजुरीसाठी अजूनही भांडावं लागतं, म्हणून ते काम चांगलं असं नाही. पण संघटनेच्या बळावर त्याच बायकांनी सोलापूरजवळ कुंभारीला १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ साली त्या घरांचा ताबा मिळाला. घरातच काम करणाऱ्या, पण एकत्र आलेल्या बायकांनी हे करून दाखवलं.

आपल्याकडे हे कसं जमेल? गावात समाजमंदिर असतं, बंद पडलेली शाळाखोली असते, ग्रामसंघाचं कार्यालय असतं. कटाई, मोजणी, तपासणी, पॅकिंग आणि माल देणं-घेणं तिथं एकत्र करा. शिवणं, लाटणं घरी करा. आठवड्यातून दोन दिवस तरी सगळ्यांनी तिथं बसून काम करा. मुलं जवळ खेळतील. जागा मागण्यासाठी ग्रामसंघाचा ठराव ग्रामपंचायतीला द्या आणि ग्रामसभेत विषय घ्या.

नोंद आणि संरक्षण

लॉकडाऊनमध्ये लाखो मजूर पायी गावी निघाले, तेव्हा असंघटित कामगारांची धड यादीच सरकारकडे नव्हती. त्यानंतर २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम नोंदणी सुरू झाली. १६ ते ५९ वयाच्या, पीएफ किंवा ईएसआय नसलेल्या आणि आयकर न भरणाऱ्या कामगाराला ही नोंद करता येते. १२ अंकी क्रमांक मिळतो. नोंद करताना "काम काय करता?" असं विचारलं की "काही नाही, घरीच" म्हणू नका. शिलाई, खाद्यपदार्थ, विणकाम, जे करता ते सांगा. आपण यादीत कामगार म्हणून दिसलो तरच उद्या कोणती योजना आली तर आपला विचार होईल.

बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. १८ ते ७० वयासाठी, वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यू झाला तर २ लाख रुपये. खात्यातून पैसे कापले जातात का, ते पासबुकात बघून घ्या.

आणि एक नाजूक, पण महत्त्वाची बाब. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी नाही. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घरही येतं. माल देणारा, ठेकेदार, गाडीवाला कामाच्या निमित्ताने नको तसं बोलला, वागला, तर ते सहन करायची गरज नाही. जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तालुक्यात तक्रार घेण्यासाठी नोडल अधिकारी असतो. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करावी, असं कायदाच सांगतो. सीआरपी ताईलाही सोबत घ्या.

पुढच्या बैठकीत हे विषय घ्या

बचत, कर्ज आणि परतफेड झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवा.

१. गटात घरी बसून कमाईचं काम किती जणी करतात, कोणतं आणि कोणासाठी, याची यादी करा.

२. प्रत्येकीने आठ दिवस तास आणि खर्च वहीत लिहावा. पुढच्या बैठकीत ताशी दर काढा. लिहिता न येणाऱ्या ताईला मुलांची मदत घेऊ द्या.

३. एकसारख्या कामाला गटाचा एक दर ठरवा आणि तो इतिवृत्तात लिहा. त्यापेक्षा कमी दराने कोणी काम घेणार नाही, असा ठराव करा. शेजारच्या गटांशीही बोला, नाहीतर व्यापारी तिकडे जाईल. म्हणून हा विषय ग्रामसंघात न्यावा लागेल.

४. ऑर्डर घेणारी एक ताई आणि माल तपासणाऱ्या दोन ताया निवडा. सहा महिन्यांनी बदला.

५. एकत्र बसायची जागा कोणती, ते बघा आणि मागणीचा अर्ज करा.

६. ई-श्रम आणि विमा कोणाचा राहिला आहे, ते तपासा.

पहिल्याच महिन्यात दर वाढेल, असं मी सांगत नाही. एखादा व्यापारी रागावेल, एखादं काम हातचं जाईल. पण ज्या दिवशी गावातल्या सगळ्या जणी एकच आकडा सांगतील, त्या दिवसापासून बोलणं बदलेल. साथीच्या काळात आपण अंतर ठेवलं ते जीव वाचवायला. आता ते अंतर दरात आणि हिशोबात ठेवण्याचं काही कारण नाही.

बैठकीत ताशी दर काढताना अडलं तर मला फोन करा किंवा गावभेटीच्या दिवशी वही घेऊन या, आपण बसून काढू. आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं, "काय करता?" तर सांगा, "कामाला आहे. माझं कामाचं ठिकाण माझं घर आहे."

आपली,
क्षेत्र समन्वयक